मोय, मोया, मोये: मराठी माणसाने बोस्नियन नामांची लिंगं आणि मालकीची रूपं कशी शिकावीत

बोस्नियन शिकायला बसलेला मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात 'मोया ब्रात' म्हणणार, हे जवळपास ठरलेलं. त्याला म्हणायचं असतं 'माझा भाऊ'. 'ब्रात' म्हणजे भाऊ, हे बरोबर. पण 'मोया' म्हणजे 'माझी'. 'माझा' हवं असेल तर नुसतं 'मोय'. मराठी कानाला शेवटचा 'आ' पुरुषी वाटतो: माझा, मुलगा, घोडा, आंबा. बोस्नियनमध्ये शब्दाच्या शेवटी 'आ' आला की तो बहुतेक वेळा स्त्रीलिंगी असतो.

ही एक उलटापालट सोडली तर लिंग आणि मालकी या दोन्ही बाबतींत बोस्नियन मराठीच्या इतकी जवळ येते की इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांवरून ती शिकणं म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे. निर्जीव वस्तूलाही लिंग असतं, हे पटवण्यात त्या पुस्तकांची पहिली काही प्रकरणं खर्ची पडतात. हिंदीतून शिकणाऱ्याला तिसरं लिंग नव्याने समजून घ्यावं लागतं. आपल्याला तिन्ही लिंगं, आणि त्यांच्याप्रमाणे बदलणारे 'माझा-माझी-माझं', यांचं बाळकडूच मिळालेलं असतं. म्हणून खालची सगळी मांडणी मराठीच्या बाजूने केली आहे: कुठे मराठी सवय उपयोगी पडते आणि कुठे ती दगा देते.

बोस्निया-हर्झेगोविनात बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन या तिन्ही भाषा अधिकृत आहेत आणि त्यांच्या व्याकरणाचा गाभा एकच आहे. त्यामुळे तिघींपैकी कुठल्याही भाषेचं व्याकरणाचं पुस्तक हाती लागलं तरी या विषयापुरतं चालेल. शब्दांत फरक सापडतील, क्वचित लिंगातही: 'ग्रह' या अर्थाचा शब्द बोस्नियनमध्ये 'प्लानेता' असा स्त्रीलिंगी, तर क्रोएशियनमध्ये 'प्लानेत' असा पुल्लिंगी.

आधी कान आणि लिपी

बोस्नियन लॅटिन आणि सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत लिहितात. बोलावं तसं लिहावं हे तत्त्व पक्कं असल्यामुळे देवनागरीत उतरवणं सोपं जातं. इथे वापरलेले संकेत असे. प्रत्येक 'अ' हा पूर्ण 'आ' असतो. 'त्स' जिथे लिहिलंय तिथे 'चाक', 'चमचा' यांतला च म्हणा. आपल्याकडे हा उच्चार आहेच, फक्त त्याला वेगळं अक्षर नाही. बोस्नियनमध्ये दोन वेगळे ताठ-मऊ च आहेत, मी दोन्हींसाठी 'च'च वापरलाय, आणि बोस्नियातलेही बरेच लोक बोलताना ते वेगळे काढत नाहीत. लिहिताना मात्र चूक धरली जाते. 'झ' मी 'झाड'मधल्या उच्चारासाठी आणि 'श'च्या घोष जोडीदारासाठी, असा दोन्हीकडे वापरलाय. ऱ्हस्व-दीर्घ लिहून दाखवत नाहीत, त्यामुळे वेलांटीवरून भांडू नका.

पायरी पहिली: शेवट पाहा, लिंग ओळखा

लिंगाला 'रोद' म्हणतात. 'मुश्की रोद' म्हणजे पुल्लिंग, 'झेन्स्की रोद' म्हणजे स्त्रीलिंग आणि 'स्रेदन्यी रोद', म्हणजे शब्दशः 'मधलं लिंग', ते आपलं नपुंसकलिंग.

नियम एका दमात सांगता येतो. नाम व्यंजनात संपलं तर पुल्लिंगी, 'आ'मध्ये संपलं तर स्त्रीलिंगी, 'ओ' किंवा 'ए'मध्ये संपलं तर नपुंसकलिंगी. 'ग्राद' (शहर), 'मोस्त' (पूल), 'स्तान' (राहता फ्लॅट) हे पुल्लिंगी. 'कुचा' (घर), 'क्न्यिगा' (पुस्तक), 'रियेका' (नदी) स्त्रीलिंगी. 'सेलो' (खेडं), 'मोरे' (समुद्र), 'इमे' (नाव) नपुंसकलिंगी. मराठीत 'वाट' स्त्रीलिंगी, 'काठ' पुल्लिंगी आणि 'पीठ' नपुंसकलिंगी का, हे परक्या माणसाला समजावताना आपली जी तारांबळ उडते, ती पाहता बोस्नियनने शिकणाऱ्यावर मेहेरबानीच केली आहे.

हा नियम पाठ करू नका, देशाचा नकाशा उघडा. मोस्तार, त्राव्निक, बिहाच, कोन्यित्स: व्यंजनान्त, म्हणून पुल्लिंगी. तुझ्ला, झेनित्सा, फोचा, बान्या लुका: स्त्रीलिंगी. सारायेवो, यायत्से, लिव्नो, गोराझ्दे, त्रेबिन्ये: नपुंसकलिंगी. शहरांना लिंग असतं आणि लोक ते वापरतात: 'मोय मोस्तार' (माझा मोस्तार), 'नाशा तुझ्ला' (आमची तुझ्ला), 'नाशे सारायेवो' (आमचं सारायेवो). नद्यांची तीच गोष्ट. नेरेत्वा, द्रिना, उना, सारायेवोतून वाहणारी मिल्यात्स्का या साऱ्या स्त्रीलिंगी. बान्या लुकामधून वाहणारी व्रबास मात्र व्यंजनात संपते, म्हणून पुल्लिंगी. आपल्याकडे ब्रह्मपुत्राला नद म्हणतात तसा हा व्रबास.

रोजच्या नमस्कार-चमत्कारातही तिन्ही लिंगं हजर असतात. सकाळी 'दोब्रो युत्रो', कारण 'युत्रो' नपुंसकलिंगी. दुपारी 'दोबार दान', कारण 'दान' (दिवस) पुल्लिंगी. संध्याकाळी 'दोब्रो वेचे'. कुणी 'दोब्रा वेचेर' म्हणालं तर तेही बरोबर, कारण संध्याकाळीला दोन शब्द आहेत, 'वेचे' नपुंसकलिंगी आणि 'वेचेर' स्त्रीलिंगी. विशेषण नामाच्या मागे कसं फरफटत जातं ते या चार शुभेच्छांत पूर्ण दिसतं. आपल्या 'चांगला दिवस, चांगली संध्याकाळ' यासारखंच.

दगा कुठे होतो? मराठीतलं लिंग डोक्यात ठेवून बोललात तर. घर आपल्याकडे नपुंसकलिंगी, 'कुचा' स्त्रीलिंगी. पुस्तक नपुंसकलिंगी, 'क्न्यिगा' स्त्रीलिंगी. पाणी नपुंसकलिंगी, 'वोदा' स्त्रीलिंगी. सगळ्यात फसवे ते शब्द जे बोस्नियनमध्ये तुर्कीच्या वाटेने आलेत आणि आपल्याला ओळखीचे वाटतात. 'शेचेर' म्हणजे आपली साखर, पण बोस्नियनमध्ये तो साखर, पुल्लिंगी. 'दुचान' म्हणजे दुकान, तेही पुल्लिंगी. 'बाश्चा' हा आपला बगीचा, पण तिथे ती बाश्चा. चहाने तेवढी लाज राखली आहे: 'चाय' तिकडेही पुल्लिंगी.

पायरी दुसरी: अपवाद, पण तीनच गठ्ठे

पहिला गठ्ठा माणसांचा. 'आ'मध्ये संपणारे पण पुरुषांसाठीचे शब्द पुल्लिंगीच राहतात. 'ताता' (बाबा), 'कोलेगा' (सहकारी), 'सुदिया' (न्यायाधीश), 'कोमशिया' (शेजारी). बोस्नियातल्या मुसलमान घरांतली नात्यांची नावं इथे हटकून येतात आणि ती मराठी माणसाला फार जवळची वाटतील, कारण तिथेही काका आणि मामा वेगळे आहेत. वडिलांचा भाऊ 'आमिजा', आईचा भाऊ 'दाइजा'. काकू ती 'आमिजिनित्सा'. आत्या आणि मावशी मात्र दोघीही 'तेतका', तिथे आपलं पारडं जड. 'मोय आमिजा', 'मोय दाइजा' म्हणायचं, 'मोया' नाही. वडील 'बाबो' आणि आजोबा 'देदो' हे 'ओ'कारान्त असूनही पुल्लिंगी: 'मोय बाबो', 'मोय देदो'. आणि आजीला म्हणतात 'नाना'. 'मोया नाना' म्हणताना धोतर-टोपीतले नाना डोळ्यांसमोर येतात, त्याला इलाज नाही.

या 'आ'कारान्त पुरुषांची गंमत पुढे विभक्तीत कळते. शब्द स्वतः बाईसारखा चालतो, पण त्याच्याआधीचं 'माझा' पुरुषासारखंच राहतं. 'तुझ्या मामाला पाहतो' म्हणजे 'विदिम त्वोग दाइजु'. 'त्वोग' पुल्लिंगी रूप, 'दाइजु' स्त्रीलिंगी पद्धतीचं. आत्ता फक्त लक्षात ठेवा, घाबरायचं कारण नाही.

दुसरा गठ्ठा व्यंजनात संपणाऱ्या स्त्रीलिंगी नामांचा. 'नोच' (रात्र), 'स्त्वार' (वस्तू), 'रियेच' (शब्द), 'ल्युबाव' (प्रेम), 'येसेन' (शरद ऋतू), 'पोमोच' (मदत). इंग्रजीभाषक इथे रडकुंडीला येतात. आपल्याला रात्र, भिंत, वीज, वेळ असे व्यंजनान्त स्त्रीलिंगी शब्द नवे नाहीत. गुणधर्म सांगणारी, '-ओस्त'मध्ये संपणारी भाववाचक नामं सगळी याच गठ्ठ्यात: 'म्लादोस्त' (तारुण्य), 'रादोस्त' (आनंद). मात्र 'मोस्त' (पूल) आणि 'गोस्त' (पाहुणा) यांतलं 'ओस्त' हा प्रत्यय नव्हे, ते मूळ शब्दाचंच अंग आहे, म्हणून ते पुल्लिंगी. मोस्तारच्या पुलाचं नावच 'स्तारी मोस्त', म्हणजे जुना पूल. 1566 मध्ये बांधलेला, 1993 च्या नोव्हेंबरात युद्धात तोफांनी पाडलेला, 2004 मध्ये पुन्हा उभारलेला. त्यातलं 'स्तारी' हे पुल्लिंगी विशेषण डोक्यात बसलं की 'मोस्त'चं लिंग विसरायची सोय राहत नाही.

तिसरा गठ्ठा छोटा: 'ओ'मध्ये संपणारे पुल्लिंगी शब्द. 'पोसाओ' (काम), 'स्तो' (टेबल), 'आउतो' (गाडी), 'रादियो'. 'स्तो' आणि 'पोसाओ' यांच्या शेवटी पूर्वी 'ल' होता, तो 'ओ' झाला. 'स्तोल' असं रूप अजूनही ऐकू येतं.

शब्दकोश उघडलात तर प्रत्येक नामापुढे एक अक्षर दिसेल: मुश्कीचा म, झेन्स्कीचा झ, स्रेदन्यीचा स. व्यंजनान्त शब्द पाहताना ते अक्षर न बघता पान उलटू नका.

पायरी तिसरी: 'माझा' आणि त्याचं कुटुंब

आता मूळ मुद्दा. एकवचनी रूपं अशी:

माझा, माझी, माझं: मोय, मोया, मोये
तुझा, तुझी, तुझं: त्वोय, त्वोया, त्वोये
आमचा, आमची, आमचं: नाश, नाशा, नाशे
तुमचा, तुमची, तुमचं: वाश, वाशा, वाशे
त्याचा, त्याची, त्याचं: न्येगोव, न्येगोवा, न्येगोवो
तिचा, तिची, तिचं: न्येन, न्येना, न्येनो
त्यांचा, त्यांची, त्यांचं: न्यीहोव, न्यीहोवा, न्यीहोवो

पहिल्या चार ओळींत नपुंसकलिंगी रूप 'ए'मध्ये संपतं, पुढच्या तीन ओळींत 'ओ'मध्ये. कारण इतकंच की 'य' आणि 'श' ही मऊ व्यंजनं आहेत आणि त्यांच्यापुढे 'ओ'चा 'ए' होतो. 'मोयो' असं रूपच नाही.

'न्येगोव' आणि 'न्येन' यांच्याकडे नीट पाहा. मालक पुरुष की बाई हे शब्दाच्या मुळात दिसतं, आणि मालकीची वस्तू कुठल्या लिंगाची हे शेपटात. 'न्येन ब्रात' म्हणजे तिचा भाऊ, 'न्येगोवा सेस्त्रा' म्हणजे त्याची बहीण. मराठीत 'तिचा', 'त्याची' अगदी हेच करतात. इंग्रजीत फक्त मालकाचं लिंग कळतं, फ्रेंचमध्ये फक्त वस्तूचं, हिंदीतही 'उसका-उसकी'मध्ये मालकाचा पत्ता लागत नाही. मराठी आणि बोस्नियन दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवतात. या एका ठिकाणी तुम्हाला काहीही शिकायचं नाही, फक्त शब्द बदलायचे आहेत.

आपल्याकडच्या 'आमचा' आणि 'आपला' या भेदाला तिथे थारा नाही, समोरच्याला धरून असो की वगळून, 'नाश'च. 'तू' आणि 'तुम्ही' मात्र आहेत. दुकानदाराला, सरकारी बाबूला, अनोळखी ज्येष्ठाला 'वाश'. सीमेवर 'वाश पासोश' मागतील, 'त्वोय' नाही. पण तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना आदरार्थी अनेकवचन चालत नाही. 'माझे बाबा आले' याचं 'मोय बाबो ये दोशाओ' असं सरळ एकवचन होतं. अनेकवचन वापरलंत तर ऐकणारा विचारेल, किती बाबा?

अनेकवचनात 'मोयी' (पुल्लिंगी), 'मोये' (स्त्रीलिंगी), 'मोया' (नपुंसकलिंगी). म्हणजे 'मोया' हे रूप स्त्रीलिंगी एकवचनही आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही. गोंधळ वाटतो? मग मराठीकडे बघा: 'माझी मुलगी' आणि 'माझी पुस्तकं'. तिथेही एकच रूप ही दोन्ही कामं करतं. 'सेलो' (खेडं) हा नपुंसकलिंगी शब्द घ्या: 'मोये सेलो' म्हणजे माझं खेडं, आणि अनेक झाली की 'मोया सेला', माझी खेडी. इतकं तंतोतंत जुळलेलं पाहून बरं वाटतं. फक्त 'ब्राचा' (भाऊ, अनेक) हा शब्द चकवतो. भाऊ पुरुष असूनही 'मोया ब्राचा' म्हणतात, कारण तो समूहवाचक शब्द स्त्रीलिंगी एकवचनासारखा चालतो. नामांचं अनेकवचन साधारणपणे पुल्लिंगात 'इ', स्त्रीलिंगात 'ए', नपुंसकलिंगात 'आ' लावून होतं. एकाच स्वराचे बहुतेक पुल्लिंगी शब्द मध्ये 'ओव' घेतात: 'ग्रादोवि', 'मोस्तोवि'.

सरावासाठी कॉफीचा ट्रे घ्या. बोस्नियन कॉफी तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात येते, ती 'जेझ्वा', स्त्रीलिंगी. बिनकानाचा छोटा कप 'फिल्जान', पुल्लिंगी. 'काफा' (काही जण 'काह्वा' म्हणतात) स्त्रीलिंगी, साखर 'शेचेर' पुल्लिंगी, सोबतची गुलाबी वडी 'लोकुम' पुल्लिंगी, पाण्याचा पेला असतो त्यातली 'वोदा' स्त्रीलिंगी, आणि कुणी मागितलंच तर 'म्लियेको' (दूध) नपुंसकलिंगी. आता प्रत्येकावर बोट ठेवून विचारा, कोणाचा? 'चीयी ये ओवो फिल्जान?' कोणाची? 'चीया ये ओवो काफा?' कोणाचं? 'चीये ये ओवो म्लियेको?' आणि उत्तर एका शब्दात: 'मोय.' 'न्येना.' 'त्वोये.' कोणाचा-कोणाची-कोणाचं हे 'चीयी-चीया-चीये' होतं. ट्रेवरच्या सात गोष्टी आणि सात मालक, इतकं उलटसुलट करून झालं की तक्ता पाठ करायची गरज उरत नाही.

त्या वाक्यांतलं 'ओवो' (हे) बदललं नाही, हे लक्षात आलं का? मराठीत आपण 'हा माझा भाऊ, ही माझी बहीण' म्हणतो. बोस्नियनमध्ये ओळख करून देताना 'ओवो' तसंच राहतं: 'ओवो ये मोय ब्रात, ओवो ये मोया सेस्त्रा'. इथे मराठी सवयीला लगाम घाला.

पायरी चौथी: 'स्वोय', म्हणजे आपला

कर्त्याची स्वतःचीच वस्तू असेल तर 'स्वोय, स्वोया, स्वोये'. संस्कृतमधला 'स्व' तुम्हाला त्यात ऐकू येईल, आणि वापर अगदी मराठीतल्या 'आपला'सारखा. 'आमिर चेका स्वोयु झेनु' म्हणजे आमिर आपल्या बायकोची वाट पाहतोय. 'आमिर चेका न्येगोवु झेनु' म्हटलंत तर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोची वाट पाहतोय. मराठीत 'त्याच्या बायकोची' म्हटलं तरी संदर्भाने निभावतं, बोस्नियनमध्ये भुवया उंचावतात. 'मी' आणि 'तू' कर्ता असताना लोक बोलण्यात 'मोय', 'त्वोय'ही वापरतात, तिथे अर्थ बदलत नाही. 'तो' आणि 'ती' आले की मात्र सावध.

'स्वोय' कर्त्याच्या जागी बसत नाही. 'आमिर आणि त्याची बायको आले' याचं 'आमिर इ न्येगोवा झेना सु दोश्ली'. मराठीतही तिथे 'आमिर आणि आपली बायको' म्हणत नाही, तेव्हा कानावर विश्वास ठेवा.

पायरी पाचवी: नावाला 'चा-ची-चे'

मराठीत कुठल्याही नावाला 'चा' लावला की काम झालं. बोस्नियनमध्ये दोन प्रत्यय आहेत. नाव व्यंजनात संपत असेल तर 'ओव, ओवा, ओवो': 'आमिरोव ब्रात', 'आमिरोवा सेस्त्रा', 'आमिरोवो दियेते' (आमिरचं मूल). मऊ व्यंजनात संपत असेल तर 'ओव'च्या जागी 'एव'. नाव 'आ'मध्ये संपत असेल तर 'इन, इना, इनो': 'लेय्लिन ब्रात', 'लेय्लिना सेस्त्रा', 'लेय्लिनो दियेते'. आईचा म्हणजे 'मायका'वरून 'मायचिन', इथे 'क'चा 'च' होतो.

निवड मालकाच्या लिंगावर नसून नावाच्या शेवटावर ठरते. मुस्ताफा पुरुष असला तरी 'मुस्ताफिन'. याचा पुरावा मोस्तारच्या रस्त्यावर उभा आहे. तिथली एक मशीद 'काराजोझ-बेगोवा जामिया', कारण 'बेग' व्यंजनान्त. दुसरी 'कोस्की मेहमेद-पाशिना जामिया', कारण 'पाशा' आकारान्त. दोघे मालक पुरुष, आणि 'जामिया' (मशीद) स्त्रीलिंगी असल्यामुळे दोन्ही प्रत्यय 'आ'मध्ये संपले. सारायेवोतली सोळाव्या शतकातली गाझी हुस्रेव बेगची मशीद लोक थोडक्यात 'बेगोवा जामिया' म्हणतात, बेगची मशीद. तिथेच 'स्व्र्झिना कुचा' हे जुन्या घराचं संग्रहालय आहे, स्व्र्झो घराण्याचं घर. नाव 'ओ'मध्ये संपलं तरी 'इना' लागलंय, अशीही नावं भेटतात. बोस्नियातली आडनावं पाहा: 'इझेत्बेगोविच' म्हणजे इझेत-बेग, मग 'ओव' (चा), मग 'इच' (पोर). इझेत बेगच्या घरचा. आडनावांतला तो 'ओव' हा मालकीचाच प्रत्यय.

या प्रत्ययांना एक मर्यादा आहे, आणि पुस्तकं ती तळटीपेत टाकतात: मालक एका शब्दात आणि एकवचनी असेल तरच ते लागतात. दोन शब्द झाले की षष्ठी वापरायची आणि मालक वस्तूच्या मागे जातो. इवो आन्द्रिच हा 1961 चा नोबेल पारितोषिक मिळालेला लेखक मूळचा त्राव्निकचा. त्याचं घर म्हणजे 'आन्द्रिचेवा कुचा'. पण पूर्ण नाव घेतलं की 'कुचा इवे आन्द्रिचा'. सारायेवोच्या मुख्य रस्त्याचं अधिकृत नाव 'मार्शाला तिता', मार्शल टिटोचा, दोन शब्द, षष्ठी. बोलताना सगळे म्हणतात 'तितोवा', कारण तिथे मालक एका शब्दाचा झाला, आणि 'उलित्सा' (रस्ता) स्त्रीलिंगी. अनेक मालक असले तरीही षष्ठीच: 'मोरिचा हान' ही मोरिच मंडळींची जुनी सराई. आणि 'माझ्या भावाची गाडी' म्हणायची तर 'मोय ब्रातोव आउतो' चालणार नाही. म्हणा 'आउतो मोग ब्राता'.

पायरी सहावी: 'माझ्या'ची किती रूपं

मराठीत 'माझ्या' या एका सामान्यरूपावर सगळ्या विभक्त्या निभावतात: माझ्या घरात, माझ्या भावाला, माझ्या बहिणीसोबत. बोस्नियनमध्ये 'मोय' बहुतेक विभक्त्यांत वेगळा होतो. सात विभक्त्या आहेत आणि शाळेत घोकलेली प्रथमा ते सप्तमी अधिक संबोधन इथे खरोखर कामाला येते. पंचमी वेगळी नाही, तिचं काम षष्ठी करते. सगळा तक्ता एकदम उघडू नका. या क्रमाने जा.

आधी द्वितीया. स्त्रीलिंगात 'मोया'चं 'मोयु': 'विदिम त्वोयु कुचु', तुझं घर पाहतो. नपुंसकलिंगात काहीच बदलत नाही. पुल्लिंगात मात्र सजीव-निर्जीव भेद आहे, आणि इथे मराठीने आपली तयारी करून ठेवली आहे. आपण 'गाडी पाहतो' म्हणतो पण 'भावाला पाहतो'. तसंच तिकडे: 'विदिम त्वोय आउतो' यात काही बदललं नाही, 'विदिम त्वोग ब्राता' यात बदललं. मराठीत जिथे 'ला' लावल्याशिवाय चैन पडत नाही, तिथे पुल्लिंगी एकवचनात 'मोग, त्वोग, नाशेग, न्येगोवोग' घाला. 'आहे' सांगायलाही द्वितीयाच लागते. मराठीत 'मला भाऊ आहे' आणि 'माझ्याकडे गाडी आहे' या दोन वाटा, बोस्नियनमध्ये एकच क्रियापद, 'इमाम': 'इमाम ब्राता, सेस्त्रु इ आउतो'.

मग सप्तमी: 'उ मोम ग्रादु' (माझ्या शहरात), 'उ मोयोय कुची' (माझ्या घरात). मग षष्ठी: 'मोग ब्राता', 'मोये सेस्त्रे' (माझ्या बहिणीचा). हे 'मोये' पुन्हा आलं, पण ते तिसऱ्या अर्थाने. मग तृतीया: 'सा मोयिम ब्रातोम', 'सा मोयोम सेस्त्रोम'. चतुर्थीची रूपं सप्तमीसारखीच असल्यामुळे ती फुकटात मिळते. अनेकवचनातली रूपं मागाहून घ्या, ती कमी आहेत आणि तिन्ही लिंगांत बरीचशी सारखी.

पायरी सातवी: 'मोय' न वापरता 'माझा' म्हणणं

प्रत्यक्ष बोलण्यात बोस्नियन माणूस नातेवाइकांबद्दल विचारताना 'त्वोया' बाजूला ठेवून चतुर्थीतलं छोटं सर्वनाम वापरतो. 'काको ति ये मायका?' शब्दशः 'तुला आई कशी आहे?', अर्थ 'तुझी आई कशी आहे?'. 'ब्रात मि रादी उ झेनित्सी', माझा भाऊ झेनित्सात काम करतो. 'मि' म्हणजे माझा, 'ति' तुझा, 'मु' त्याचा, 'योय' तिचा, 'नाम' आमचा, 'वाम' तुमचा, 'इम' त्यांचा. संस्कृत स्तोत्रांत 'मे' आणि 'ते' हे 'माझं', 'तुझं' या अर्थाने येतात, तीच ही जात. यांत लिंग नाही, वचन नाही, शेपूट जुळवायची कटकट नाही. अट एकच: वाक्याची सुरुवात यांनी करायची नाही, पहिल्या शब्दानंतर किंवा पदानंतर लगेच दुसऱ्या जागी बसवायचं. 'मि ब्रात' म्हटलंत तर ऐकणारा गोंधळेल, 'ब्रात मि' म्हटलंत तर पुढे गप्पा सुरू.

वहीत नवीन नाम लिहिताना ते एकटं लिहू नका. 'कुचा' न लिहिता 'मोया कुचा', 'नोच' न लिहिता 'मोया नोच', 'दाइजा' न लिहिता 'मोय दाइजा'. व्यंजनान्त स्त्रीलिंगी आणि आकारान्त पुल्लिंगी शब्दांसाठी वहीची दोन पानं वेगळी ठेवा, बाकी हजारो शब्दांचं लिंग शेवटच्या अक्षरावरून कळतं. आणि आमिर-लेय्लाच्या कुटुंबाची वाक्यं करून कंटाळलात की स्वतःच्या घरची नावं घ्या. सुरेश व्यंजनात संपतो, पण 'श' मऊ, म्हणून 'सुरेशेव आउतो'. विठ्ठल 'विठ्ठलोव', सविता 'सवितिन'. कृष्णा आकारान्त, म्हणून 'कृष्णिन'. रमाकाकू दोन शब्दांची झाली, तिच्यासाठी षष्ठी.